दारणाकाठापासून ममदापूरच्या माळापर्यंत : बिबट्या, काळवीट आणि माणसं

शुक्रवार : दारणाकाठचा ऊस

जानेवारी सरता सरता नाशिक जिल्ह्यात ऊसतोड, द्राक्षकाढणी आणि निफाडची थंडी एकदम भरात असतात. माणूस आणि बिबट्या एकमेकांच्या वाटेत येतात तेही याच दिवसांत, कारण वर्ष-दीड वर्ष उभा असलेला आडोसा एकेका फडाने कमी होत जातो. सहल म्हणून हा काळ कुणी निवडणार नाही. पण माणसं आणि जनावरं शेजारी कशी राहतात हे पाहायचं असेल, तर नाशिकरोडहून पुण्याच्या रस्त्याला लागावं आणि चेहेडीच्या पुलाच्या आसपास मळ्यांकडे वळावं.

दारणेच्या काठाने जाखोरी, सामनगाव, हिंगणवेढे, बाभळेश्वर, दोनवाडे, शिंदे, पळसे अशी गावं आहेत. घरं मळ्यांत विखुरलेली, दारापासून वीस पावलांवर ऊस, बांधाला गवत, मागे नदीची झाडी. २०२० साली या पट्ट्यात लागोपाठ हल्ले झाले, लहान मुलं आणि म्हातारी माणसं गेली. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले आणि हल्लेखोर नेमका कोणता हे ठरवायला लाळेचे नमुने हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत गेले. कोणत्याही ओट्यावर बसा, पाच मिनिटांत तो विषय निघतोच.

जंगल तुटलं म्हणून बिबट्या वाट चुकून गावात आला, असं शहरातला माणूस म्हणतो. जाखोरीच्या बाजूला एका मळ्यात भेटलेल्या आजोबांचं म्हणणं वेगळं होतं. "आला कुठून? इथंच जन्मला की तो. आमच्याच उसात." आजोबांचंच बरोबर आहे. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. मादीचा गर्भकाळ तीन-साडेतीन महिन्यांचा, पिल्लं दीड-दोन वर्षं आईसोबत. म्हणजे एका पिकाच्या आयुष्यात बिबट्याची एक पिढी जन्मते आणि बरीचशी वाढते. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शंभर चौरस किलोमीटर शेतीच्या मुलखात पाचेक प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा होता पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा. त्यामुळे कोंबड्यांची आतडी ओढ्यात फेकणारं गाव कुत्री पोसतं, आणि कुत्र्यांमागे बिबट्याही.

आजोबांच्याच वस्तीवरच्या मावशींनी शेळ्यांचा गोठा दाखवला. या सगळ्या वाटेवर पाहिलेली सर्वांत कामाची गोष्ट हीच, म्हणून मापांसह लिहितो. दहा शेळ्यांना दहा बाय दहा फुटांची जागा. खाली दोन फूट विटांची भिंत, वर छतापर्यंत दोन इंची चौकटीची दहा गेजची तारजाळी, दर पाच फुटांवर लोखंडी अँगल. उंची आठ फूट. मुख्य म्हणजे वरूनही बंद. नुसती उंच भिंत बिबट्याला अडवत नाही. तो आठ-दहा फूट सहज चढतो. बहुतेक गोठ्यांत तो शिरतो ते भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून. डोकं गेलं की अंग जातं, म्हणून कुठलीही फट चार इंचांपेक्षा मोठी ठेवायची नाही. पत्रे दगड ठेवून नव्हे, जे-बोल्टने कसायचे. दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या, कारण एकाच कडीचं दार पंजाने ओढलं की खालचा कोपरा वाकतो. उंबऱ्याखालची माती पावसाळ्यात वाहून जाते, तिथे फरशी टाकायची.

अर्धवट बंद गोठा मोकळ्या दावणीपेक्षा वाईट. उघड्यावर बांधलेली एक शेळी जाते. बंद जागेत बिबट्या शिरला आणि शेळ्यांची पळापळ झाली की तो समोर हलेल त्याला धरत सुटतो, सकाळी सगळा कळप आडवा असतो. मावशींनी पहिल्यांदा छत ठेवलं नव्हतं. "जाळीला पैसे दिले नि वरून आभाळ फुकटात सोडलं," असं त्या स्वतःच म्हणाल्या आणि बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा पुढे केला.

दिव्यांबद्दल थोडं. गोठ्यावर रात्रभर जळणाऱ्या एका बल्बला बिबट्या आठवड्याभरात सरावतो. उघडझाप करणारे सौर दिवे लावले तर दर चार दिवसांनी त्यांची जागा आणि उंची बदलावी लागते, आणि उजेड बाहेर, उसाच्या कडेला पडला पाहिजे. आतल्या शेळ्यांवर उजेड टाकून उपयोग नाही.

पळशाच्या अलीकडे बांधाला एक पिंजरा लावलेला होता. मागच्या कप्प्यात जाळीपलीकडे बोकड, पुढे पायपट्टी, तिच्यावर मातीचा पातळ थर, वरून पाचट. पट्टीवर पाय पडला की झडप खाली. बोकड वेगळ्या कप्प्यात असतो, तो वाचतो. पहाटेच पाहणी करावी लागते. उन्हात तापलेल्या पिंजऱ्यात बिबट्या गज चावत बसतो आणि सुळे मोडून घेतो. सुळे मोडलेल्या बिबट्याला पुन्हा मोकळं सोडणं अवघड.

पिंजरा लागला की गाव त्या रात्री झोपतं, हे खरं. पण त्यात सापडतो तो त्या रात्री भुकेला असलेला कोणताही बिबट्या. हल्ला करणाराच असेल असं नाही. त्याची रिकामी झालेली हद्द काही आठवड्यांत दुसरा, बहुधा तरुण आणि जागेला नवखा नर घेतो. पकडलेला लांब नेऊन सोडला तर तो परतीच्या वाटेला लागतो किंवा अनोळखी मुलखात माणसांच्या अंगावर येतो. २००१ ते २००३ या काळात जुन्नरला हेच झालं: बिबटे उचलून दुसरीकडे सोडले आणि हल्ले वाढले. केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना याच अनुभवातून आल्या. पकडणं हा शेवटचा उपाय, त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, आणि लांब नेऊन सोडणं टाळायचं. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला होत असेल तिथे पिंजरा लागलाच पाहिजे, त्यात वाद नाही. नुसता दिसला म्हणून लावलेला पिंजरा मात्र गावाचीच फसवणूक करतो.

दुपारी तोडीच्या फडावर. टोळी चाळीसगावकडची, कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, फडाच्या कडेलाच. मुकादमाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, तोड नेहमी एका बाजूने, उलट बाजूला नदी किंवा दुसरा उभा ऊस राहील अशी. चारही बाजूंनी आत जायचं नाही, चारही बाजूंनी पाचट पेटवायचं तर मुळीच नाही. मधे जनावर कोंडलं की ते माणसाच्या अंगावरूनच बाहेर पडतं. दुसरी, शेवटच्या आठ-दहा सऱ्या संध्याकाळी तोडायच्या नाहीत, रात्रभर उभ्या ठेवायच्या. तेवढ्यात मादी पिल्लं हलवते. तान्ही मुलं फडाच्या कडेला झोळीत टांगायची नाहीत, टोळीच्या मध्यावर आणि एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवायची. ही तिसरी गोष्ट टोळीतल्या बायकांनी सांगितली, मुकादमाने नाही.

पिल्लं सापडलीच तर काय करायचं, याची रीत आता जिल्ह्यात बरीच बसली आहे. तोड थांबवायची, पिल्लांना हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. पशुवैद्यक हातमोजे घालून तपासतो, गोचिडं काढतो, शेपटीच्या मुळाशी ओळखीची चिप बसवतो. अंधार पडायच्या आत द्राक्षाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये घालून पिल्लं सापडली त्याच जागी ठेवायची. दहा पावलं इकडेतिकडेसुद्धा नको. क्रेटवर झाकण हलकं, मादीने पंजा मारला की पडेल असं. समोरासमोर दोन कॅमेरा ट्रॅप, आणि सगळी माणसं लांब. मादी बहुधा अंधार पडल्यावर मध्यरात्रीच्या आत येते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही ठेवायचं असतं. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, असं पुष्कळ जण सांगतात. खरं कारण बहुतेक वेळा बांधावर मोबाईल घेऊन उभी राहिलेली गर्दी असते. पिल्लाला घरी नेऊन गाईचं दूध पाजणं हा दुसरा मोठा घोळ. जुलाब लागतात, आणि तोवर रात्र निघून गेलेली असते.

टीप : या गावांत संध्याकाळी सहानंतर मळ्याच्या वाटेने पायी फिरू नये. जावंच लागलं तर बॅटरी, हातात घुंगराची काठी, आणि बोलत चालायचं. शेताच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसणं टाळा. बिबट्याला बसलेला माणूस माणसासारखा दिसत नाही.

शनिवार : सिन्नर, बिनकठड्याच्या विहिरी

सकाळी सिन्नर. गोंदेश्वराचं देऊळ कोवळ्या उन्हात पाहून घ्यावं, नंतर फरशी तापते. बसस्थानकाजवळची मिसळ तिखट आहे, दही मागून घ्या.

सिन्नरचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. इथे ऊस कमी, कांदा आणि विहिरी जास्त. बिबट्या रात्री कुत्र्यामागे किंवा कोंबडीमागे धावतो आणि जमिनीच्या पातळीला उघडं असलेलं विहिरीचं तोंड त्याला दिसत नाही. २०२३ मध्ये याच तालुक्यात बिबट्या आणि मांजर एकाच विहिरीत पडले होते. जीव वाचवायला मांजर बिबट्याच्या पाठीवर चढल्याची चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. ती विहीर तशी का उघडी होती, हे फारसं कुणी विचारलं नाही.

एका वनरक्षकांसोबत तीन-चार विहिरी पाहिल्या. बाहेर काढण्याची पद्धत त्यांनी विहिरीच्या काठावर उभं राहून समजावली. बिबट्या पोहतो, पण तासन्‌तास नाही. म्हणून आधी त्याला टेकायला काहीतरी द्यायचं: चारी कोपऱ्यांना दोर बांधलेली खाट, किंवा फळी आणि ट्रकची ट्यूब. खाट एका बाजूने कलली तर तो घाबरून पुन्हा पाण्यात उडी मारतो, म्हणून चार दोरांवर चार माणसं आणि एकाच माणसाचा आवाज. तो टेकून शांत झाला की दोन वाटा. जनावर धडधाकट असेल आणि आजूबाजूला वस्ती नसेल तर काठापर्यंत पोहोचणारी मजबूत शिडी लावायची, लोक हटवायचे आणि रात्रभर जागा मोकळी ठेवायची. वस्ती जवळ असेल तर पिंजरा आडवा सोडायचा, दार दोराने वरून सांभाळायचं, बिबट्या आत गेला की दोर ढिला. वजनामुळे वर ओढायला जेसीबी किंवा ट्रॅक्टर लागतोच. दोर घासून तुटू नये म्हणून काठावर गोणपाट टाकायचं, हे कुणी सांगत नाही आणि नेमकं तिथेच फसतं.

पाण्यात असताना बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं नाही. बुडून मरतो.

कठडा बांधायचा तर किमान साडेतीन-चार फूट. दोन फुटांचा कठडा बिबट्याला उडी मारायला ओटाच मिळाल्यासारखा. बांधकामाला पैसे नसतील तर तोंडावर लोखंडी चौकट आणि तारजाळी, पंपाच्या पाइपापुरती मोकळीक ठेवून. वापरात नसलेल्या विहिरी सगळ्यांत धोक्याच्या. त्यांच्या काठावर गवत वाढतं आणि तोंडच दिसेनासं होतं.

दुपारी एका वस्तीवर शेळीचा पंचनामा चालू होता, तो पूर्ण पाहायला मिळाला. कुत्र्याने मारली की बिबट्याने, यावर सगळी भरपाई अवलंबून असते. बिबट्या गळा धरतो. खोल सुळ्यांच्या जोड खुणा दिसतात, बाकी अंगावर फारशा जखमा नसतात. कुत्री मागचे पाय, मांड्या, पोट ठिकठिकाणी फाडतात. ओल्या मातीत बिबट्याचा ठसा गोल, नखांशिवाय, मागची गादी तीन भागांची. कुत्रा आणि तरस यांच्या ठशात नखं उमटतात.

ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतली कमी रक्कम मिळते. शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५ हजार, यांतली कमी. माणूस दगावला तर वारसांना २५ लाख, ही रक्कम २०२३ पासूनची. कळवायची मुदत ४८ तास. वनखात्याच्या हॅलो फॉरेस्ट मदतवाहिनीचा क्रमांक १९२६, कोणत्याही फोनवरून फुकट. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी हलवायचं नाही, सोलायचं नाही, ओढ्यात टाकायचं नाही. दावे बाद होतात ते बहुतेक याच कारणाने. दोन फोटो जागेसकट, एक गळ्याचा जवळून. पशुवैद्यकाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक हाताशी ठेवावं. कानातला टॅग असेल तर जनावर कुणाचं यावर वाद होत नाही.

शेळीचे मालक वैतागलेले होते, आणि त्यांचं एक म्हणणं अगदी रास्त होतं. रात्री तीन-फेज वीज आली की पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. दिवसा वीज दिली तर निम्म्या गाठीभेटी आपोआप टळतील. सौर पंपाचा अर्ज त्यांनी भरला आहे.

रविवार : नांदूर मध्यमेश्वर, मग येवल्याचा माळ

पहाटे साडेसहाला नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यावर हात खिशातून काढवत नव्हते. धुकं उतरायला आठ वाजले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाण्याचं हे रान तयार झालं. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चक्रवाक, थापट्या, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि वरून घिरट्या घालणारा दलदली भोवत्या. भोवत्या खाली झेपावला की सगळं पाणी एकदम उठतं.

पक्षी पाहायला येणारे पुष्कळ. इथे पाहण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे काठची शेती. पाणी मागे हटलं की उघड्या पडणाऱ्या गाळात लोक पीक घेतात, आणि पाणथळीला चिकटूनच हरभरा, गहू, ऊस. करकोचे सकाळी हरभऱ्यात उतरतात. एका शेतकरीदादांनी शेताच्या मधोमध चमकी पट्ट्या लावल्या होत्या. त्यांचा हिशेब असा: पेरणीनंतरचे पहिले पंधरा दिवस आणि घाटे भरतानाचा काळ राखला की पुरतं, मधे पक्षी आले तरी हाकलत बसायचं नाही. पट्टीला एक पीळ देऊन ताणायची, म्हणजे वाऱ्यात ती गुणगुणते. सैल पट्टी दोन दिवसांत निकामी.

द्राक्षबागांवरची जाळी हा मात्र वाईट प्रकार होऊ शकतो. बारीक नायलॉनची, ढिली टाकलेली जाळी बुलबुल आणि पोपटांसाठी सापळाच असते, आणि तिच्यात अडकलेल्या पक्ष्यांमागे साप येतात. जाळी जाड धाग्याची, पांढरी, ताणून बांधलेली आणि खाली जमिनीवर लोळत नसलेली हवी. काढणी संपली की त्याच दिवशी उतरवून गुंडाळायची.

टीप : डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाला. स्थानिक गाइड घ्या, त्यांच्याकडे दुर्बीण असते. ड्रोन, भडक कपडे आणि गाडीतली गाणी घरी ठेवा. परतीच्या वाटेवर निफाडकडे थेट बागेतून द्राक्षं मिळतात.

विंचूरवरून येवला. रस्त्यात शेवभाजी-भाकरी उरकून राजापूरच्या दिशेने निघालं की मुलूख एकदम बदलतो. झाडं संपतात, माळ सुरू होतो. ममदापूर आणि राजापूरच्या परिसरातलं सुमारे ५४ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१४ मध्ये काळवीट संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. अभयारण्यासारखी इथे वस्ती उठवलेली नाही. शेतं, वस्त्या, मेंढ्यांचे कळप आणि काळविटं एकाच माळावर.

दुपारी तीन वाजता रस्त्यापासून शंभर पावलांवर वीसेक माद्या आणि एक काळाभोर नर चरत होता. बाजूच्या रानात कांद्याला पाणी देणाऱ्या ताई मान वर करून पाहतही नव्हत्या. कांद्याला ही जनावरं फारसं तोंड लावत नाहीत, मूग-मठाला लावतात, असं त्यांनी सांगितलं. पिकाच्या भरपाईसाठी शासन निर्णयात "हरीण (सारंग व कुरंग)" असा उल्लेख आहे, काळवीट त्यातच येतं. मुदत तीन दिवसांची, आणि ती चुकते ती नुकसान लगेच दिसत नाही म्हणून: शेंडे खुडलेलं पीक आठवड्याने खुरटं दिसायला लागतं. ताई म्हणाल्या, रोज बांधावरून एक चक्कर मारली की कळतं. ज्यांची शेतं घरापासून लांब, त्यांचीच पंचाईत.

कुंपणाविषयी इथे बजावून सांगायला हवं. तारेत थेट घरातली वीज सोडणं बेकायदा आहे आणि दरवर्षी त्यात प्राण्यांबरोबर माणसंही मरतात. त्याच्या जागी झटका मशीन वापरायचं. ते सेकंदाला साधारण एक, अगदी क्षणभराचा धक्का देतं. दुखतं, मारत नाही. तारेवर पाच ते आठ हजार व्होल्ट हवेत, तीन हजारांखाली गेलं की जनावर जुमानत नाही. मशीन चांगलं आणि झटका कमजोर अशी तक्रार आली की दहांतल्या नऊ वेळा दोष अर्थिंगचा असतो: सहा फुटी तीन सळ्या, एकमेकींपासून दहा फुटांवर, मीठ-कोळसा घालून, उन्हाळ्यात पाणी टाकत. माळावर जमीन कोरडी, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. दुसरा दोष तारेला टेकलेलं गवत. तेवढ्यानेही झटका जमिनीत उतरतो. जनवन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

काळविटाचा खरा शत्रू इथे शेतकरी नाही. मोकाट कुत्री, बिनकठड्याच्या विहिरी आणि रस्त्यावरच्या गाड्या, हे तिघे. उन्हाळ्यात पाणी आटलं की कळप रस्ते ओलांडू लागतात. वनखात्याचे पाणवठे टँकरने भरले जातात. ते रस्त्यापासून लांब आणि उथळ उताराचे असले तर काम करतात. सरळ कडांच्या हौदात पाडस उतरलं की चढता येत नाही.

संध्याकाळी एका धनगरवाड्यावर शेळीच्या दुधाचा चहा झाला. मेंढ्या वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कडेला तीन कुत्री. लांडगा येतो का, विचारल्यावर बाबा म्हणाले, "येतो. आमचा वाटेकरीच तो. कोकरू नेतो, आम्ही ओरडतो." भरपाईचा अर्ज? त्यांनी हात हलवला. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वाडा पुढच्या गावी गेलेला असतो. फिरत्या मेंढपाळाला या सगळ्या व्यवस्थेत जागाच नाही, आणि लांडग्याला विष घातलं जातं ते बहुधा याच रागातून. विष घातलेल्या मढ्यावर मग कोल्हा, तरस, गिधाड, गावची कुत्री, सगळेच मरतात.

सोमवार : नाशिक शहर आणि बोरगड

बिबट्या शहरातही येतो. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोड परिसरात, नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडकोत तर एकाच दिवशी दोन. गंगापूर धरणापासून गोदावरीची झाडी, मळे आणि नाले थेट वसाहतींपर्यंत येतात. पहाटे परतायला उशीर झाला की तो एखाद्या बंगल्याच्या जिन्याखाली बसतो. रात्रीपर्यंत सोडला तर बहुधा आल्या वाटेने निघून जाईल. पण सकाळी आठ वाजता रस्त्यावर हजार माणसं असतात.

ही गर्दीच बेशुद्धीचं काम बिघडवते. भूल दिल्यानंतर औषध चढायला शांत जनावरात पाच ते पंधरा मिनिटं लागतात. बिथरलेल्या जनावरात जास्त, आणि कधी चढतच नाही. त्या वेळात तो पळतो, समोर येईल त्याला पंजा मारतो. घरात शिरला तर खोलीचं दार बाहेरून लावायचं आणि फोन करायचा. आवारात असेल तर घरातल्यांनी वरच्या मजल्यावर जायचं, फाटक उघडं ठेवायचं, फटाके वाजवायचे नाहीत. लाइव्ह करणाऱ्याला गच्चीवरून खाली खेचायचं काम सोसायटीच्या अध्यक्षांनी करावं, वनखात्याच्या माणसांना ते जमत नाही.

जखमी प्राणी म्हसरूळच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात आणले जातात. ते पर्यटनस्थळ नव्हे, बाहेरूनच पुढे जावं. पुढे रामशेज किल्ला ओलांडला की बोरगड. २००८ मध्ये जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. माथ्यावर हवाई दलाचं ठाणं असल्यामुळे वर जाता येत नाही, पायथ्याच्या तुंगलदऱ्याच्या बाजूने फिरता येतं. गावकऱ्यांनी कुऱ्हाड आणि चराई थांबवल्यावर डोंगर हिरवा झाला. जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मिळाली तर सोडू नका.

कड्यांवर लांब चोचीची गिधाडं दिसतात. हरसूलजवळच्या खोरीपाड्याला गावाने गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा राखली आहे, पण तसं करायचं तर आधी एक प्रश्न विचारावाच लागतो: या जनावराला शेवटचं इंजेक्शन कोणतं दिलं होतं? डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ पासून. तरी माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक गुरांना टोचलं जातं, कारण ते गावातल्या दुकानात असतं. गाय तापली, सुजली तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागायचं. किमतीत फार फरक नाही, आणि ते दिलेलं जनावर दगावलं तरी गिधाडांना टाकता येतं. डायक्लोफिनॅक दिलेलं असेल तर खोल खड्डा खणून पुरायचं.